लाल पट्टा, पिवळा पट्टा

दिवाळीपासून नूतनच्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा होत होती. घावन तव्यावरून दोनदा उतरायचं. तुळशीला पाणी दोनदा पडायचं. एकदा तर पाव घेऊन आलेल्या पाववाल्यालाही फाटकातून मागे पाठवून पुन्हा घंटी वाजवत आत बोलावलं होतं. कारण एकच. नूतनचा नवरा शिवदास दोन कॅमेरे गळ्यात अडकवून उभा असायचा. एकाचा पट्टा लाल, दुसऱ्याचा पिवळा. जे लाल पट्ट्याने टिपलं ते पिवळ्याने टिपल्याशिवाय तुलना कशी होणार, असं त्याचं म्हणणं होतं. घावन थंड होतं, आणि पाहुण्यांना थंड घावन वाढायची लाज आपल्याला वाटते, हे नूतनचं म्हणणं होतं. पण ते ऐकायला कान मोकळे हवेत ना.

"नूतन, जरा परत उलट. मघाशी तुझा हात हलला."

"माझा हात नाही हलला, माझं डोकं हललंय. एकदाच काय तो घ्या विकत आणि संपवा ही कटकट!"

"घेणारच आहे गं. पण बघून घ्यायला नको?"

बघून घेणं हा शिवदास राऊतचा जन्माचा छंद. अलिबागला सरकारी कचेरीत नोकरी, नागावात बापजाद्यांची सुपारी-नारळाची वाडी, स्वभाव इतका गरीब की कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. व्यसन म्हणावं तर तुलना. विहिरीवरचा पंप जळला तेव्हा नवा घेण्याआधी त्याने तीन गावांतल्या विहिरींवर जाऊन पंपांचे आवाज ऐकले होते. तोवर नूतनने कळशीने झाडं शिंपली. पंखा घ्यायचा ठरला तो फाल्गुनात, आणि भिंतीवर लागला तेव्हा मृगाच्या सरी सुरू झाल्या होत्या. इराच्या बारशाला नाव ठरेना, म्हणून आत्याने शेवटी पाळण्याशी उभं राहून स्वतःच्या मनाने नाव कानात सांगून टाकलं. मुलगी आता कॉलेजात जाते, तरी दुसरं नाव जास्त बरं होतं का, हा विषय शिवदास अधूनमधून काढतोच.

लग्नाच्या वेळीही हेच झालं होतं. नूतनला बघून गेल्यावर हा गृहस्थ चार महिने नुसता येत-जात राहिला. कधी पत्रिका पुन्हा बघायला, कधी तिच्या काकांना भेटायला, कधी नुसताच वाटेवर होतो म्हणून. थळची कुणी एक मुलगी त्याच वेळी सांगून आली होती, हे नूतनला नंतर कळलं. ती उंच होती म्हणे. त्या तुलनेत आपण नेमक्या कशात सरस ठरलो, हा प्रश्न नूतनने इतक्या वर्षांत विचारला नव्हता. उत्तर दोन बाजूंनी मिळालं असतं, याची तिला खात्री होती.

कॅमेऱ्याचं घोंगडं मात्र तिनेच अंगावर ओढून घेतलं होतं. वाडीच्या कडेला पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि त्यांचे फोटो इराने मोबाइलवर काढून नेटवर टाकले होते. आलेले पाहुणे म्हणायचे, "अहो, फोटोत खोल्या अंधाऱ्या दिसतात, प्रत्यक्षात किती छान आहेत!" तेव्हा नूतन एका बेसावध क्षणी म्हणाली, "एखादा बरा कॅमेरा घ्यावा का हो? खोल्यांचे फोटोही होतील, वाडीचा व्हिडिओही होईल." शिवदासच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघूनच तिने ओळखलं की आपण आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

लाल पट्ट्याचा कॅमेरा विपुलचा. विपुल हा नूतनचा मावसभाऊ, लग्नाचे फोटो काढतो, हल्ली लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडप्यांना समुद्रावर पळवतो. त्याने नवा भारी कॅमेरा घेतला होता, त्यामुळे जुना पडून होता. पिवळ्या पट्ट्याचा कचेरीतल्या ओंकार साहेबांचा. त्यांच्या मुलाची हौस फिटल्यापासून तो कपाटात होता. दोन्ही शिकाऊ माणसाने घ्यावेत असेच, अगदी पहिल्या पायरीचे. शिवदासने दोन्ही मागून आणले, आणि समुद्राच्या हवेने काचेला बुरशी धरते म्हणून नूतनचा लाडवांचा मोठा डबा रिकामा करून त्यात ठेवले. लाडू पातेल्यात गेले आणि त्यांना मुंग्या लागल्या.

"फोटोला पिवळा," शिवदास जेवताना सांगायचा. "कडा कशा स्वच्छ येतात. अंधारातही दाणे दाणे दिसत नाहीत. बॅटरी तर आठवडाभर उतरत नाही."

"मग पिवळा घ्या."

"पण व्हिडिओला तो रडतो. माणूस हलला की फोकस शोधत बसतो, आणि शोधताना घर्र घर्र आवाज करतो, तोही आत रेकॉर्ड होतो. माइक लावायला भोकच नाही. लालचं तसं नाही. लालचा पडदा बाहेर वळतो, फोकस धरून ठेवतो, माइक लागतो."

"मग लाल घ्या."

"पण फोटोला…"

इथे नूतन ताट घेऊन उठायची.

त्यात विपुल एकदा येऊन आगीत तेल ओतून गेला. "भाऊजी, हे दोन्ही आता जुने झाले. आतमध्ये आरसा असलेले कॅमेरे कंपन्या बंद करत चालल्यात. बिनआरशाचा घ्या." झालं. त्यानंतर आरसा बरा की बिनआरशाचा बरा, यावर आठवडा गेला. नूतनने विपुलला निघताना चहासुद्धा विचारला नाही.

हे सगळं तिने सोसलं असतं. नवऱ्याच्या तुलना तिच्या पाचवीला पुजलेल्या होत्या. पण ह्या वेळी मध्ये दादा आले.

दादा म्हणजे शिवदासचे वडील. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, पण हातापायांच्या शिरा अशा की पोफळीला वेल चढावी. उभ्या नागावात सुपारी काढावी ती दादांनी. काथ्याचा दोर पायात अडकवून पोफळीवर चढायचं, घड उतरवायचे, आणि मग खाली न येता शेंड्यावरच झोका घेऊन शेजारची पोफळ धरायची. अशी अख्खी रांग ते जमिनीला पाय न लावता संपवायचे. नूतन लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्यांदा ते बघितलं होतं आणि हातातलं सूप टाकून डोळे मिटून घेतले होते.

गेल्या भाद्रपदात दादा ओल्या खोडावरून घसरले. फार वरून नाही, पण घोटा सुजला, कंबर धरली. शिवदास कधी कुणावर आवाज चढवत नाही, त्या दिवशी मात्र तो वडिलांवर ओरडला. दोर आणि कोयता माळ्यावर टाकून कुलूप लावलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली. "आता पुन्हा झाडाला हात लावलात तर मी वाडीच विकून टाकेन," असं तोंडाला येईल ते बोलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी गोष्ट तुलना न करता ठरवली, आणि तीच नेमकी दादांच्या जिव्हारी लागली.

त्या दिवसापासून दादा शिवदासशी बोलेनासे झाले. समोरासमोर बसून जेवायचे, पण मीठ हवं असलं तर म्हणायचे, "नूतन, त्याला सांग, मीठ इकडं दे." शिवदास म्हणायचा, "नूतन, त्यांना सांग, भाजीत मीठ आहे." मधे नूतन, एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात ह्या दोघांचा संसार. जेवण झालं की दादा ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. वाडीकडे पाठ. आपल्या झाडांवर दुसरं कुणी चढताना त्यांना बघवत नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांत माणूस वाळून गेला. नूतनला ते दिसत होतं, आणि बोलून उपयोग नव्हता.

मग पौषात शिवदासने वाडीत कॅमेऱ्यांसाठी दोन तिवया रोवल्या. हलत्या माणसाचा व्हिडिओ कुठल्या कॅमेऱ्यात बरा येतो ते बघायचं होतं. झाडावर चढायला तुळशीराम होता. दादांच्या जागी आता हाच सुपारी काढायला यायचा. पण कॅमेरा बघितल्यावर तुळशीरामने आधी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, भांग पाडला, आणि चढताना दर हाताला थांबून खाली बघून हसायला लागला.

"अरे, हसू नको, चढ!" शिवदास ओरडला.

"व्हय व्हय," म्हणून तुळशीराम आणखी हसला.

ओटीवरून आवाज आला. "असा चढतात व्हय? म्हातारी जिना चढते तसा!"

सगळे वळले. दादा उभे होते, वाडीकडे तोंड करून. ते थेट शिवदासकडे बघून बोलले, "दोर काढ."

शिवदासने खिशातून चावी काढली. नूतनला वाटलं तो नाही म्हणेल. त्याने माळ्यावरून दोर आणला आणि बापाच्या हातात दिला. तिने कपाळाला हात लावला. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? घोटा विसरलात त्यांचा?"

"फक्त चिंधीपर्यंत," शिवदास म्हणाला. त्याने एका पोफळीला डोक्याएवढ्या उंचीवर नूतनच्या जुन्या परकराची चिंधी बांधली. "दादा, याच्या वर नाही."

"न्हाय जात," दादा म्हणाले. आणि गेलेही नाहीत. एकदा लालसाठी चढले, एकदा पिवळ्यासाठी चढले.

संध्याकाळी बापलेक इराच्या लॅपटॉपसमोर खांद्याला खांदा लावून बसलेले नूतनने बघितले. पौष महिना, थंडी, आणि हे दोघे चहा थंड करत बसलेले.

"पिवळ्यात माझा पाय धुरकट हाय," दादा म्हणाले.

"तो फोकस शोधतोय दादा."

"लालात रंग जरा भडक न्हाय वाटत? पोफळ एवढी हिरवी कधी असते? उद्या उन्हं चढायच्या आत घेऊन बघू."

नूतनला आधी बरंच वाटलं. घरात बोलणं आलं, दादा दोन घास जास्त जेवायला लागले, मीठ ज्याचं तो मागायला लागला. पण तुलना काही संपेना. सकाळचं ऊन झालं की दुपारचं, दुपारचं झालं की ढगाळ. आणि प्रत्येक वेळी काहीतरी कमी पडल्याचं शोधून काढायचे ते दादा. ज्या माणसाने जन्मात फोटोसाठी धड उभं राहणं मनावर घेतलं नाही, तो आता म्हणत होता की पिवळ्यात सावलीचे बारकावे जास्त आहेत. आणि चिंधी! ती रोज जागेवर नसायची. कधी हातभर वर, कधी आणखी वर. विचारलं तर दादा म्हणायचे, वाऱ्याने सरकली असेल. वाऱ्याने वर सरकणारी चिंधी नूतनने आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

तिचा जीव टांगणीला लागला. कांदा चिरताना निम्मं लक्ष वाडीकडे. शिवदासला सांगावं तर तो म्हणायचा, "बघतोय मी, आहे मी खाली." तुम्ही खाली आहात, पण तुमचे डोळे त्या पडद्यात आहेत, त्याचं काय?

महाशिवरात्रीच्या सकाळी ती साबुदाणा भिजवून बाहेर आली आणि तिने वर बघितलं. दादा चिंधी ओलांडून शेंड्याच्या जवळ होते. पोफळ हळूहळू झुलत होती. एक झोका, दुसरा झोका, आणि दादांचा हात शेजारच्या पोफळीला लागला. खालून शिवदासचा आवाज आला, "थांबा दादा, थांबा, पिवळा चालू करतो!"

नूतन किंचाळली. इतकी की खोल्यांमधले पाहुणे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. दादांनी हात सोडला, पोफळ जागेवर आली आणि ते सरसर खाली उतरले. चेहरा शाळेतून पळून आलेल्या पोराचा.

"दोघांनाही लाज नाही!" ती म्हणाली. "एक बापाला झाडावर टांगून कॅमेरे तपासतो, आणि एक म्हातारा आपल्या पोराच्या छंदावर स्वतःची खाज भागवतो. दादा पडले असते म्हणजे? कुठल्या पट्ट्यात चांगले पडताना दिसले असते, ते बघत बसला असतात का?"

तिने इराला हाक मारली. "त्या मोबाइलवर कॅमेरा मागव. आत्ता. दोन्हीपैकी कुठला तो मागव."

इराने शोधलं. "आई, पिवळा मिळतच नाहीये गं. बंद झालाय. लाल आहे, त्याचेही थोडेच उरलेत."

म्हणजे हा माणूस इतके महिने एका बंद पडलेल्या वस्तूची तुलना करत होता. नूतनला हसावं की रडावं कळेना. "लाल मागव," ती म्हणाली. पाहुण्यांच्या खोल्यांतून साठवलेले पैसे तिचे होते. ते कुणाला विचारून खर्च करायचे नव्हते.

खोकं आलं. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं, वर फूल ठेवलं, आणि शिवदासच्या हातात दिलं. "घ्या. संपलं एकदाचं." शिवदासने आतला कॅमेरा उलटसुलट बघितला आणि छान आहे म्हणाला. दादांनीही बघितला. "चांगला हाय," म्हणाले. मग आत गेले, दोर घेऊन आले आणि शिवदाससमोर ठेवला. "ठेव माळ्यावर. काम झालं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही मागून आणलेले कॅमेरे ज्याचे त्याला गेले. लाडवांचा डबा रिकामा झाला. घावन एकदाच उलटलं, गरम वाढलं गेलं. रात्री जेवायला बसल्यावर दादा पानात बघत म्हणाले, "नूतन, त्याला सांग, मीठ इकडं दे."

नूतनचा हात पातेल्यावरच थांबला. शिवदासने मिठाची वाटी सरकवली. दादा जेवले, अर्धी भाकरी टाकली, आणि ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

भांडी विसळताना शिवदास मागच्या दारी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिला वाटलं आता बॅटरीबद्दल काहीतरी बोलेल.

"लालच घ्यायचा होता," तो म्हणाला. "दादा पहिल्यांदा चिंधीपर्यंत चढले, त्याच दिवशी मला कळलं होतं. आपल्याला व्हिडिओ जास्त लागणार, आणि खोल्यांचे फोटो त्यातही चांगलेच येतात."

"काय?" नूतन हातातली परात तशीच धरून वळली. "मग एवढे महिने? माझे लाडू, माझं घावन, माझा जीव…"

"अगं, ते बोलायला लागले होते," शिवदास म्हणाला. "मी ओरडलो त्या दिवसापासून माझ्याकडे बघत नव्हते. काय बोलू तेच सुचायचं नाही मला. कॅमेऱ्याचं निघालं तर रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसायचे. ठरवून टाकलं असतं तर काय बोललो असतो उद्या?"

नूतनला त्याची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. हे आधी सांगायला ह्या माणसाच्या तोंडात काय मूग होते? मग तिला एकदम ते चार महिने आठवले. पत्रिका पुन्हा बघायला येणारा, काकांना भेटायला येणारा, नुसताच वाटेवर असणारा.

"आणि आपल्या वेळी?" तिने विचारलं. "ती थळची?"

"कोण थळची?" शिवदास खरोखरच गोंधळला. मग म्हणाला, "ती होय. तिला बघायला मी गेलोच नव्हतो."

"मग चार महिने कशाची तुलना करत होतात?"

"एकदा ठरवलं असतं तर तुमच्याकडे यायला निमित्त काय राहिलं असतं? लग्नाचा मुहूर्त तर तसाही वैशाखाआधी नव्हताच."

नूतनने परात आपटली. दुसरं काय करणार? इतकी वर्षं ती त्या न बघितलेल्या उंच मुलीवर मनातल्या मनात जळत होती.

सकाळी उठल्यावर तिने चहाआधी नवा कॅमेरा काढला. इराकडून चालू कसा करायचा ते विचारून घेतलं, वाडीत गेली, पोफळीच्या शेंड्यावर धरला आणि तिथूनच ओटीकडे मोठ्याने ओरडली.

"दादा! ह्याच्यासोबत आलेल्या लेन्समधून शेंडा काही धड दिसत नाही बघा. माशीएवढा दिसतो. लांबची लेन्स घ्यावी लागेल."

तिने आवाज आणखी चढवला.

"इरा म्हणते दोन आहेत. एक अडीचशे मिलिमीटरची, एक तीनशेची. कुठली बरी ते बघावं लागेल, घाईने घेऊन चालायचं नाही. विपुलकडे दोन्ही आहेत म्हणे, मागून आणू."

शिवदास दात घासता घासता ब्रश तोंडात धरून उभा राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं आणि ब्रश तसाच तोंडात राहू दिला. हे बरं केलं त्याने.

दादा ओटीवरून उतरले. हळूहळू वाडीत आले, तिच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावले, मग मान वर करून शेंड्याकडे बघितलं, आणि मग शिवदासकडे.

"तीनशेची जड असंल. हात हलंल," ते त्याला म्हणाले.

"तिवईवर ठेवू की दादा. पण अडीचशेची अंधारात…"

"थांबा!" नूतनने पदराची एक फाटकी कड टर्रकन फाडली. "आधी माझं ऐकायचं. चिंधी मी बांधणार. माझा हात पोचतो तिथे. आणि ती वाऱ्याने जरी सरकली, तरी कॅमेरा विहिरीत जाईल, सांगून ठेवते."

तिने टाचा उंच करून पोफळीला चिंधी बांधली. दादांनी त्या उंचीकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांतलं पहिलं हसू त्यांच्या मिशीत आलं.

"पोरी," ते म्हणाले, "निदान स्टुलावर तरी उभी राहा."

नूतन तोंडातल्या तोंडात पुटपुटत, दोघांच्याही नावाने बोटं मोडत, स्वयंपाकघरातलं स्टूल आणायला गेली.